रवी, पट्टा आणि रबर : जुनी वॉशिंग मशीन चालती करण्याच्या छंदाचा मागोवा

जुनी वॉशिंग मशीन शोधून, खोलून पुन्हा चालती करण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेत रुजला. त्याची सुरुवात धुण्यापेक्षा पेट्रोलच्या इंजिनापासून झाली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आयोवा राज्यातील न्यूटन येथे मेटॅग कंपनी शेतीची अवजारे बनवीत असे. १९०७ मध्ये तिने आपले पहिले धुलाई यंत्र बाजारात आणले. शेतावर तेव्हा वीज नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतही अमेरिकेत दहापैकी जेमतेम एका शेतघरात ती पोचली होती. म्हणून मेटॅगने यंत्राच्या पोटाखाली छोटे पेट्रोल इंजिन बसवले. पायाने किक मारायची, धूर लवचीक धातूच्या नळीतून दाराबाहेर सोडायचा आणि धुणे उरकायचे. पुढे विजेच्या तारा आल्या, इंजिनाच्या जागी मोटर बसली आणि सुटी झालेली इंजिने पोरांच्या हाती लागली. त्यांनी ती घरी ठोकून बनवलेल्या गाड्यांना आणि गवत कापायच्या यंत्रांना जोडली. मॉडेल ९२ हे एका सिलिंडरचे आणि मॉडेल ७२ हे दोन सिलिंडरचे इंजिन आज बऱ्याचदा यंत्राविना सापडते, त्याचे कारण हेच. जुन्या इंजिनांचे शौकीन ती मेळाव्यांत चालवून दाखवू लागले आणि इंजिनामागोमाग त्यांचे लक्ष यंत्राकडे वळले.

ते यंत्र जपण्याजोगे होतेच. १९२२ मध्ये आलेल्या मेटॅगच्या ‘जायराफोम’मध्ये घुसळणारा दांडा झाकणाला न लटकवता टबाच्या तळाशी बसवलेला होता. ताकाच्या रवीसारखा तो मागे-पुढे फिरे आणि साबणाचे पाणी कपड्यांतून आरपार जाई. टब ओतीव अॅल्युमिनियमचा होता. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, म्हणून पन्नास-साठ वर्षे कोठारात पडून राहिलेला टबही घासून काढल्यावर वापरण्याजोगा निघतो. टबावर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ असत. स्वयंचलित यंत्रे घरोघर पोचली तरी मेटॅगने रुळांचे यंत्र १९८३ पर्यंत बनवले. त्यामुळे त्याचे सुटे भाग बराच काळ मिळत राहिले, आणि नवख्याने या छंदात पहिला हात याच यंत्रावर बसवावा हे योग्यच आहे. एक काळजी मात्र सर्वांत आधी घ्यावी लागते. या रुळांत मुलांचे हात सापडून झालेल्या जखमांवर विसाव्या शतकाच्या मध्यात वैद्यकीय नियतकालिकांत लेख आले आहेत. म्हणून जाणकार रंगाला हात लावण्यापूर्वी रुळांचा दाब एका फटक्यात सोडणारी कळ नीट चालते का, हे तपासतो.

स्वयंचलित यंत्रांकडे छंद उशिरा वळला. बेंडिक्सचे समोरून उघडणारे यंत्र १९३७ चे. हादरे शोषणारी रचना नसल्याने ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. आजही ते फिरवून पाहायचे तर आधी तसाच भक्कम पाया करावा लागतो. १९४७ च्या सुमारास वरून उघडणारी यंत्रे आली : सीअर्सच्या केनमोर नावाने विकली जाणारी, जनरल इलेक्ट्रिकची आणि जनरल मोटर्सच्या मालकीच्या फ्रिजिडेअरची. फ्रिजिडेअरची घुसळण गोल न फिरता वर-खाली होई. जनरल मोटर्सने १९७९ मध्ये फ्रिजिडेअर विकली, त्यानंतर ती रचना फार टिकली नाही. म्हणून अशा चालत्या यंत्राचे मोल मोठे. ही यंत्रे बहुधा घराच्या तळघरात असत. जड असल्याने बिघडल्यावरही तिथेच राहत आणि मालक गेल्यावर घर रिकामे करताना बाहेर निघत. लहानपणी आईच्या वा आजीच्या यंत्राचे झाकण उचलून आत टक लावून बसलेली पिढी तोपर्यंत मिळवती झाली होती. इंटरनेट घरोघर पोचल्यावर विखुरलेल्या शौकिनांना एकमेकांचा पत्ता लागला. तोवर प्रत्येकाला आपल्यासारखा दुसरा कोणी नसावा असेच वाटत असे.

यंत्ररचनेच्या दृष्टीने सर्वांत देखणे उदाहरण पुन्हा मेटॅगचेच आहे. १९५६ मध्ये आलेल्या रचनेत मोटर एका दिशेने फिरली की घुसळण होते. ती उलट फिरली की पट्ट्याची पुली मळसूत्रावर चढते, ब्रेक सुटतो आणि टब गरगरू लागतो. एक पट्टा या कामाला, दुसरा पंपाला. मोटर स्प्रिंग लावलेल्या सरकत्या पाट्यावर बसते. टब वेग घेईपर्यंत पट्टा थोडा घसरतो, म्हणजे क्लचचे काम तोच करतो. पाट्याखालचे रोलर कोरडे पडले की मोटर सरकत नाही आणि नवा पट्टाही जळतो. पट्टा बदलूनही वास येत राहिला तर दोष बहुधा इथे असतो. हीच रचना थोड्याफार फरकाने जवळजवळ पन्नास वर्षे बनत राहिली, म्हणून १९६० चे यंत्र १९९० च्या यंत्रातले भाग काढून उभे करता येते. व्हर्लपूल आणि केनमोरच्या जुन्या यंत्रांत घुसळण आणि टबाचे गरगरणे यांत बदल करण्याचे काम गिअर बॉक्सवर डावी-उजवीकडे झुलणारे दोन सोलेनॉइड करीत. त्यांच्या वायरी सतत वाकून तुटतात. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण निदानाला अनुभव लागतो.

यंत्र सापडले की ते लगेच प्लगला लावण्याचा मोह आवरावा लागतो. जुन्या वायरींवरचे रबर भुगा झालेले असते आणि अनेक यंत्रांना अर्थिंगच नसते. पाणी आणि उघडा पत्रा एकत्र असलेल्या यंत्राला हे घातक आहे, म्हणून नवी तीन तारांची केबल हाच पहिला खर्च. मग ऑइल सील, बेअरिंग, होज आणि गॅस्केट. रबर हा या छंदाचा खरा शत्रू आहे. लोखंडाचा भाग लेथवर घडवता येतो, टायमरचे संपर्कबिंदू घासून साफ करता येतात. पण पन्नास वर्षांत दगडासारखे झालेले, बाजारातून नाहीसे झालेले सील मऊ करता येत नाही. ते फुटले की पाणी गिअरच्या तेलात उतरते आणि सारी यंत्रणा गंजते. म्हणून छंदातल्या काही मंडळींनी मूळ भागावरून साचे घेऊन पॉलियुरेथेनचे भाग ओतायला सुरुवात केली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेली कितीतरी मॉडेल्स त्यामुळेच चालती राहिली, आणि या छंदातले हे सर्वांत मोठे काम आहे. टबावरच्या इनॅमलचा टवका उडाला तर तो मूळच्यासारखा भरून काढायला सुमारे ८०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. बाहेरच्या पेटीला मात्र पावडर कोटिंग किंवा मोटारीचा रंग चालतो.

रंगापासून हौशी बदल सुरू होतात. १९५० च्या दशकातला गुलाबी आणि फिरोजी, १९७० च्या आसपासचा अव्होकाडो हिरवा आणि गव्हाळ सोनेरी हे मूळचेच रंग; काही जण ते हुबेहूब जुळवतात, काही थेट मोटारीचा चकचकीत रंग चढवतात. झाकणाला पारदर्शक अॅक्रिलिक बसवणे आणि टबात दिवा सोडणे हे लोकप्रिय बदल आहेत, कारण घुसळण डोळ्यांनी पाहणे हाच अनेकांचा आनंद. मूळ झाकण जपून ठेवून दुसऱ्याला खिडकी पाडणे उत्तम. दुर्मीळ यंत्राची पेटी कापणे ही हानी आहे, कारण तो पत्रा पुन्हा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये छंदाचा जीव दोन टबांच्या यंत्रावर आहे. महाराष्ट्रात ‘सेमी ऑटोमॅटिक’ म्हणून अजून विकले जाते ते याच जातीचे. हूवरने १९४८ मध्ये वेल्समधील मर्थर टिडफिल येथे कारखाना काढला. तिथल्या साध्या टबाच्या व दोन टबांच्या यंत्रांइतकेच प्रेम १९६० च्या दशकातल्या ‘कीमॅटिक’वर केले जाते. खाचा पाडलेली प्लॅस्टिकची चपटी चावी कोणत्या बाजूने आत घातली, त्यावर त्याचे धुण्याचे चक्र ठरे. चावीविना सापडलेले कीमॅटिक म्हणजे निम्मेच यंत्र. २००९ मध्ये तो कारखाना बंद झाला.

अमेरिकेत याच सुमारास छंदाला नवे बळ मिळाले. व्हर्लपूलने २००६ मध्ये मेटॅग विकत घेतली आणि पुढच्या वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. २००४ आणि २००७ मध्ये वीजवापराचे नियम कडक झाले. जुने यंत्र एका धुण्याला सुमारे १५० लिटर पाणी घेई; नवी समोरून उघडणारी यंत्रे त्याच्या निम्म्याहून कमी घेतात. पाण्याची बचत निर्विवाद आहे. पण भरपूर पाण्यातली घुसळण ज्यांना हवी होती, ते जुन्या यंत्राकडे वळले, आणि काल भंगारात जाणारे १९८० च्या दशकातले मेटॅगही जपण्याची वस्तू झाले. न्यूटनच्या जॅस्पर काउंटी संग्रहालयात मेटॅगची यंत्रे मांडलेली आहेत. कोलोरॅडोतील ईटन येथे ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी १९८० च्या दशकापासून हजाराहून अधिक यंत्रे जमवून त्यांतली अनेक चालती केली.

सर्किट बोर्डांची यंत्रे आता जुनी होऊ लागली आहेत. जुन्या यंत्रांतला पट्टा आणि टायमरमधला कॅम डोळ्यांना दिसतात. बोर्डावरचे भाग बऱ्याचदा राळेत बुडवलेले असतात आणि त्यातली आज्ञावली कंपनीबाहेर कोणाकडे नसते. त्यामुळे अशा यंत्राचा शौकीन एकाच मॉडेलची दोन-तीन यंत्रे घेऊन ठेवतो : एक चालवायला, बाकीची बोर्डासाठी.