पाण्याच्या पाळीवर चालणारं गाव

बालीची सहल करून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या हिरव्या भातशेतीचा एक तरी फोटो असतोच. बहुतेकदा तो उबुदजवळच्या तेगालालांगचा असतो. ते वाटेवर पडतं, तिथे झोके आहेत, कॉफी आहे आणि टूरवाल्याच्या वेळापत्रकात ते सहज बसतं. जातिलुविहला मात्र वाट वाकडी करून जावं लागतं. देनपसारची गर्दी मागे टाकून ताबानान जिल्ह्यात शिरायचं, पेनेबेलच्या बाजूने चढाला लागायचं आणि दीड-दोन तासांनी, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर पोचायचं. २,२७६ मीटर उंचीचा हा जुना ज्वालामुखी बेटावरचा दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर. दुपार झाली की त्याचा माथा हमखास ढगात जातो. गावातलं सगळं पाणी त्याच्या पोटातलं आणि त्याच्या अंगावरच्या जंगलातलं.

ताबानानला बालीचं भाताचं कोठार म्हणतात. त्या कोठारातलंही जातिलुविह हे नावाजलेलं गाव. सुमारे तीनशे हेक्टरांची खाचरं डोंगराच्या वळणांना धरून खालपर्यंत उतरत गेली आहेत. काही खाचरं एवढी अरुंद की बैलजोडी वळवायचीसुद्धा पंचाईत व्हावी. बांध मातीचेच, दर हंगामाला चिखल थापून नवे केलेले. वरून पाहिलं की कुणी फुरसतीने नक्षी काढून ठेवली आहे असं वाटतं, आणि पर्यटक तिथेच फसतो. ही नक्षी कुणी काढायला बसलं नव्हतं. पाणी वरून खाली सगळ्यांना पुरवायचं, तर जमीन अशीच कापावी लागते. जातिलुविहमध्ये बघण्यासारखं आहे ते पाण्याची वाटणी. डोळ्यांना सुखावणारं जे दिसतं, ते तिच्यातून आपोआप उरलेलं.

या वाटणीची व्यवस्था म्हणजे सुबाक. एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची ही संघटना. बालीतल्या अकराव्या शतकातल्या शिलालेख-ताम्रपटांत तिचे उल्लेख सापडतात, म्हणजे किमान हजार वर्षांची जुनी. गावाचा कारभार वेगळा आणि सुबाकचा वेगळा. तुम्ही कोणत्या गावचे, कोणत्या घराण्यातले याला इथे किंमत नाही, तुमचं खाचर कोणत्या पाटावर आहे एवढंच बघायचं. सुबाकचा प्रमुख असतो पकासेह, त्याला सभासदच निवडतात. नियमांची संहिता असते, तिला आविग-आविग म्हणतात. पाट साफ करायला कुणी यायचं, गैरहजर राहिला तर दंड किती, दुसऱ्याचं पाणी चोरलं तर काय, नांगरट कधी, लावणी कधी, हे सगळं तिच्यात. जातिलुविहच्या सुबाकचे पुन्हा पोटविभाग आहेत आणि प्रत्येकाची आपापली बैठक भरते.

बांधावरून चालताना पाटाच्या फाट्याजवळ जरा थांबावं. तिथे पाटात आडवा टाकलेला ओंडका दिसेल, आता बऱ्याच ठिकाणी त्याची जागा सिमेंटने घेतली आहे. त्याला तम्बुकू म्हणतात. ओंडक्याला वरून खाचा पाडलेल्या असतात. एक खाच रुंद, दुसरी अरुंद, पण सगळ्यांचा तळ एका पातळीत. ज्या बाजूला जास्त हिस्से, तिकडची खाच तेवढी रुंद. पाटात पाणी भरपूर असो की घोटाभर, वाटणीचं प्रमाण तेच राहतं. मीटर नाही, दरवाजा नाही, कुलूप नाही. आणि मुख्य म्हणजे, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही कोणती खाच किती रुंद आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. रात्रीतून कुणी बोटभर लाकूड तासलं तर सकाळी ते उघड्यावर येणार. एखाद्याची लावणी मागे पडली आणि त्याला पाणी जास्त लागलं, तर तो शेजाऱ्याकडून पाणी उसनं घेतो. तशी रीतच आहे.

फाट्याजवळ आणखी एक गोष्ट दिसते. खाचरात पाणी जिथून आत येतं त्या तोंडाशी छोटंसं देवघर, बांबूचं किंवा दगडाचं, आणि त्यात केळीच्या नाहीतर नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं, भाताची शितं. प्रत्येक खाचराचं देवघर, पोटविभागाचं मंदिर, पूर्ण सुबाकचं मंदिर, त्याच्या वर डोंगरातलं लुहूर बातुकारू. पाणी जसं वरून खाली येतं तशी देवळांची उतरंड. भाताची देवता देवी श्री. पाणी सोडायच्या दिवशी पाण्याचं स्वागत करायचा विधी असतो, त्याचं नाव मापाग तोया. भात पोटरीला आलं की त्याचा विधी वेगळा, कारण तेव्हा देवी गर्भार आहे असं मानतात. पीक कापून कणगीत गेलं की तिथे पुन्हा पूजा. आपल्याकडच्या वाचकाला यात परकं वाटावं असं काही नाही. पण हे सगळं श्रद्धेच्या खात्यात टाकून पुढे गेलं, तर निम्मी गोष्ट हातची जाते.

बालीच्या शेतीत सरकारने हात घातला तेव्हा हेच झालं. १९७० च्या दशकात हरितक्रांती आली. नवी बियाणी, रासायनिक खतं, कीटकनाशकं आणि सोबत कर्ज. शेतकऱ्याला सांगण्यात आलं की देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तेवढ्या वेळा भात घ्या, जमीन रिकामी ठेवू नका. पहिली काही पिकं चांगली आली. मग कुणाचं भात कापणीला तर कुणाचं लावणीला, कुणाचं निसवलेलं तर कुणाचं अजून तरव्यात, असा घोळ सुरू झाला. तुडतुड्यांना बारा महिने हिरवं खायला मिळालं. उंदीर माजले, रोग पसरले, फवारे वाढले आणि उत्पन्न घसरलं. १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या पैशातून मोठा सिंचन प्रकल्प सुरू झाला, त्यानेही जुन्या व्यवस्थेला किंमत दिली नाही.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग या काळात बालीत काम करत होते. देवळातले पुजारी आणि सुबाकांचे पकासेह एकत्र बसून लावणीच्या तारखा ठरवतात, त्यामागे हिशेब आहे, असं त्यांचं म्हणणं. पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांना घेऊन त्यांनी संगणकावर नद्या, सुबाक, पाऊस, कीड यांचं प्रारूप उभं केलं. १९९१ मध्ये त्यांचं ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स’ हे पुस्तक आलं. हिशेब असा. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, तर कापणीही एकाच वेळी होते, सगळा परिसर काही आठवडे रिकामा राहतो आणि किडीची उपासमार होते. पण सगळ्यांना एकाच आठवड्यात चिखलणीचं पाणी लागलं, तर ते पुरणार कसं? उलट प्रत्येकाने आपल्या मनाने लावलं तर पाणी पुरतं, पण कीड मरत नाही. मधला मार्ग काढायचा, म्हणजे किती सुबाकांनी मिळून एकत्र लावायचं आणि कोणी मागून, हे पाण्याच्या देवळातल्या बैठकीत ठरतं. त्या प्रारूपातही सर्वांत चांगलं पीक मिळालं ते देवळांनी आखलेल्या गटांच्या आसपासच.

महाराष्ट्रातल्या कालव्याच्या शेतकऱ्याला यातला खरा मुद्दा लगेच उमजेल. हेडचा शेतकरी टेलच्या शेतकऱ्याला पाणी सोडतो कशाला? आपल्याकडे तो सहसा सोडत नाही, आणि का सोडावं असा त्याचा रोखठोक सवाल असतो. बालीत त्याला उत्तर आहे: खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो तुझ्याबरोबर लावणी करणार नाही, आणि त्याच्या शेतातली कीड चढून तुझ्या शेतात येईल. वरच्याला पाण्याची टंचाई नसते, पण किडीची धास्ती असते. खालच्याला पाण्याची गरज असते. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे वेळापत्रक पाळायची तयारी, असा तो सौदा. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकऱ्याच्या हाती पाळी असायची आणि एका फडात एकच पीक घ्यायची शिस्त होती, त्या शिस्तीचंच हे भावंड. फरक एवढाच की फड बहुतेक ठिकाणी मोडीत निघाले आणि सुबाक टिकले.

जातिलुविहमध्ये अजूनही वर्षातलं एक पीक जुन्या देशी भाताचं असतं. उंच वाढणारं, लाल तांदळाचं, पाच-साडेपाच महिने घेणारं. साधारण जानेवारीत लावणी आणि जून-जुलैत कापणी. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांचं सुधारित वाण. देशी भाताची कापणी पूर्वापार आनी-आनी नावाच्या चिमुकल्या पात्याने होते. ते तळहातात लपतं, दोन बोटांत लोंबी धरायची आणि एकेक करून खुडायची. विळ्याच्या मानाने हे काम किती चिवट आहे ते भात कापलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लोंब्यांच्या पेंढ्या बांधून उंच खांबांवरच्या कोठारात ठेवतात. खाचरं मोकळी झाली की बदकांचे कळप सोडतात. सांडलेलं भात आणि किडे ती वेचून खातात, आणि जाता जाता खतही देतात. पीक उभं असताना बुजगावणी असतातच, शिवाय वाऱ्यावर खडखडणाऱ्या बांबूच्या भिंगऱ्या.

हा लाल तांदूळ रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पिशव्यांत मिळतो. तो भाजून केलेला चहाही तिथे देतात. चवीला तो चहापेक्षा भाजक्या धान्याच्या कढणाच्या जवळचा. मला तो आवडतो, पण साखर घालून प्यायची सवय असलेल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये.

२०१२ मध्ये युनेस्कोने बालीच्या सुबाक व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाच ठिकाणं, मिळून सुमारे १९,५०० हेक्टर, त्यात जातिलुविहचा बातुकारू परिसर. नोंद नुसत्या शेताची नव्हती. देव, माणूस आणि निसर्ग यांचा मेळ सांगणारं ‘त्रि हित करण’ हे तत्त्वही तिच्यात होतं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जातिलुविहला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. गावाच्या वेशीवर तिकीट आलं, खाचरांतून रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटा आल्या, उपाहारगृहं आली. भात विकून जे मिळतं त्यापेक्षा भाताकडे तोंड करून कॉफी विकण्यात जास्त मिळतं, हे गावाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

दुखणं इथूनच सुरू होतं. दृश्य शेतकऱ्याच्या घामातून तयार होतं आणि त्याचे पैसे ज्याचं दुकान रस्त्याला लागून आहे त्याला मिळतात. जमिनीचे भाव चढतात, तशी जमीन विकायची ओढही वाढते. मुलं दक्षिणेकडच्या हॉटेलांत नोकरीला जातात, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडतो. चिखलात वाकणारी माणसं वयाने वाढत चालली आहेत. हॉटेलं, तलाव आणि बागा यांनाही पाणी त्याच डोंगरांचं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये हे सगळं उघड्यावर आलं. संरक्षित क्षेत्रात नियम मोडून उभी केल्याच्या कारणावरून प्रशासनाने इथली काही उपाहारगृहं आणि बांधकामं सील केली. त्यातली बरीच गावातल्याच शेतकऱ्यांची. त्यांनी रागारागाने खाचरांच्या मधोमध चकचकीत पत्रे रोवले, फोटो बिघडवण्यासाठी. आमच्या जमिनीवरचं दृश्य सगळ्यांना हवं, आणि आम्ही एक टपरी टाकली तर गुन्हा, हा त्यांचा सवाल होता.

नियम मोडणं योग्य होतं असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाने आपल्या खाचरात एकेक कॅफे टाकला, तर दहा वर्षांत बघायला भात उरणार नाही. पण सवाल खोटा नाही. ज्याच्यामुळे गाव जगाच्या यादीत गेलं, त्याला तिकिटाच्या पैशातला वाटा नियमाने मिळाला पाहिजे, आणि तो कुणाला किती जातो हे पाटातल्या खाचेसारखं सगळ्यांना दिसलं पाहिजे. शेतजमिनीवरचा कर, पाटांची डागडुजी, देशी वाणाला मिळणारा भाव, या कंटाळवाण्या गोष्टींवरच जातिलुविह टिकेल की नाही ते ठरणार आहे. युनेस्कोच्या पाटीने पाट साफ होत नाहीत.

जाणार असाल तर मे-जूनमध्ये जा, तेव्हा देशी भात पिवळं पडू लागलेलं असतं आणि पावसाचा त्रास कमी. सकाळी लवकर पोचा, ढग यायच्या आत. आखलेल्या पायवाटा सोडू नका, ओल्या बांधावर शंभर माणसं चालली की तो खचतो आणि त्याची दुरुस्ती शेतकऱ्याच्या गळ्यात येते. ड्रोन उडवण्याआधी विचारा. आणि निघताना किलोभर लाल तांदूळ घ्या, उपाहारगृहातून नको, ज्याच्या अंगणात तो वाळत टाकलेला दिसेल त्याच्याकडून घ्या, आणि घासाघीस करू नका.