बॉनेटखाली (लेखांक ७) : पिस्टन भिजत घालताना

गेल्या आठवड्यात कॉम्प्रेशन टेस्टच्या शेवटी एक प्रश्न उरला होता. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडल्यावर काटा वर चढला, म्हणजे दाब वॉल्व्हपाशी नव्हे, रिंगांपाशी निसटतोय. मग लगेच इंजिन उतरवायचं का? अनुभवी मेकॅनिक आधी पिस्टन भिजवून बघतो.

पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर हा निव्वळ कार्बन नसतो. अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि खालून चढलेलं ऑइल उष्णतेने आटून चिकट होतं आणि त्यात काजळी नि राख अडकत जाते, डांबरात खडी रुतावी तशी. सॉल्व्हंट विरघळवतं ते डांबर. खडीला ते हात लावत नाही. म्हणून ‘सगळा कार्बन विरघळून गेला’ असं कुणी सांगितलं, तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. थर मऊ पडतो, सुटा होतो, एवढंच. माथ्यावर वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या कडक थरात तर चिकटाच फारसा उरलेला नसतो, त्यामुळे तिथे सॉल्व्हंटचं फार चालत नाही.

पण खरी गोम माथ्यावर नसतेच. तिथला थर जाड झाला की ज्वलनकक्षातली जागा घटते, दाब वाढतो, थर तापून लाल होतो आणि चढावर इंजिन ठोकू लागतं, हे वाईटच. मात्र गाडी ऑइल पिते ती तिसऱ्या रिंगेमुळे. वरच्या दोन रिंगा मुख्यतः वायूचा दाब धरतात. तिसरी, ऑइल रिंग, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निपटून आपल्या खाचेतल्या बारीक भोकांवाटे खाली परत पाठवते. ती भोकं बुजली आणि रिंग खाचेत जाम झाली, की ऑइल भिंतीवरच राहतं आणि जळतं. जळलेल्या ऑइलचा पुन्हा कार्बन होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही. या खाचेतला चिकटा माथ्यापेक्षा कमी तापमानात साचलेला, म्हणून मऊ असतो. सॉल्व्हंटला वाव आहे तो इथे.

आता कृती. इंजिन कोमट असावं, तापलेलं नको. वाफेला आग लागायला वेळ लागत नाही. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून मगच प्लग काढावेत. चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर असतात तेव्हा दोन खाली असतात. क्रँक पान्याने फिरवून चारही अर्ध्यावर, एका पातळीत आणावेत. प्लगच्या भोकातून लांब काडी घालून चारही ठिकाणी ती सारखीच बुडते का, ते बघता येतं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये तीस-चाळीस मिली सॉल्व्हंट सोडून रात्रभर ठेवावं आणि अधूनमधून क्रँक किंचित मागेपुढे हलवावा. त्या हालचालीनेच ते रिंगांच्या मागे शिरतं.

सकाळी पातळी खाली गेलेली असते. उरलेलं नळी लावलेल्या सिरिंजने ओढून घ्यावं. प्लग बसवण्याआधी, कॉइल आणि इंजेक्टरचं कनेक्शन काढून, भोकांवर जाड फडकं टाकून सेल्फ मारावा. ही पायरी गाळू नये. द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये तो साचलेला असताना प्लग आवळून सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचवायला निघालेलं इंजिन खरोखरच उतरवावं लागतं. खाली झिरपलेलं सॉल्व्हंट ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. सुरुवातीला धूर होईल, घाबरू नये. डिझेल इंजिनात मात्र हा उद्योग नकोच. तिथे पेटायला ठिणगी लागत नाही.

सॉल्व्हंट कोणतं? पिस्टन भिजवण्यासाठी बनवलेलंच घ्यावं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, हे विसरू नये. तुंबलेल्या मोरीत टाकतात तो कॉस्टिक सोडा कार्बनआधी पिस्टनच खातो. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्यांमधलं पॉलिइथरअमाइन इंजेक्टर आणि ज्वलनकक्षासाठी चांगलं, पण ते तिसऱ्या रिंगेपर्यंत पुरेसं पोचत नाही.

रिंग नुसती चिकटली असेल तर यश मिळतं. घासून झिजली असेल तर नाही. आणि दोष मूळ घडणीतच असेल तर यश टिकत नाही. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाबाबत अमेरिकेत ऑइल पिण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने वॉरंटी वाढवून पात्र गाड्यांना नव्या घडणीचे पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या.

भिजवण्याआधी डिपस्टिकवरची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा बघावं. फरक दिसला तर आणखी एकदा भिजवायला हरकत नाही. नाही दिसला तर रिंगांच्या खर्चाची तयारी ठेवावी.

(पुढील आठवड्यात : डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनातले इनटेक वॉल्व्ह, जिथे पेट्रोल पोचतच नाही)