चीवराचे शेत आणि आईची वाकळ

आश्विन पौर्णिमेला भिक्खू संघाचा वर्षावास संपतो आणि तेथून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना कठिन चीवरदानाचा असतो. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरचे ऊन कडक पडते, चाळीच्या कठड्यावर अंथरुणे-पांघरुणे वाळत पडतात. या महिन्यात आमच्या घरी गेली काही वर्षे एक छंद चालतो. रात्री जेवणे आटोपली की अर्धा तास सुई-दोरा घेऊन बसायचे आणि महिनाभरात टेबलावर अंथरायची एक लांब पट्टी शिवून काढायची. शिवण मात्र वाकळीची. टेबल तेच, ज्याच्या एका टोकाला तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे आणि दुसऱ्या टोकाला मुले अभ्यास करतात. (एका खोलीत दोन टेबले मांडायची तरी कुठे!)

पहिल्या वर्षी आमची मोठी मुलगी म्हणाली, "पप्पा, टेबलावर वाकळ? मैत्रिणी आल्या तर काय म्हणतील?"

तिचे बोलणे आम्हाला लागले, कारण एके काळी आम्हीही तसेच होतो. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून वसतिगृहात निघालो तेव्हा आईने वाकळ बांधून दिली होती. ती आम्ही ट्रंकेच्या तळाशी दडवली. थंडीत रात्र रात्र कुडकुडलो, पण बाहेर काढली नाही. इतर मुलांच्या अंगावर सोलापुरी चादरी होत्या. ठिगळ दिसले की आपले घर दिसेल, आपली वस्ती दिसेल, असे वाटे.

पुढे चळवळीत आलो, वाचू लागलो, तेव्हा कळले की ही लाज अनाठायी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना जे सांगितले त्यात ठिगळांचाही उल्लेख आहे. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असावा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्यांचा राग लाचारीवर होता, आणि अंगावर वागवलेल्या अस्पृश्यतेच्या खुणांवर होता. आमची आई शाळेत गेलेली नव्हती. पण तिचा एक नियम होता आणि तो तिने कधी मोडला नाही. "मेल्याचं नि मागितलेलं वाकळंत घालायचं न्हाई." ज्यांच्या आज्या-पणज्यांवर मयताच्या अंगावरचे कापड उचलायची पाळी आणली गेली, त्या बाईचा हा नियम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. तिच्या वाकळीतला प्रत्येक तुकडा घामाच्या पैशाने घेतलेल्या कापडाचा असे.

आता कोणी विचारील, भगवंतांचे भिक्खू तर टाकून दिलेल्या चिंध्या, स्मशानातले कापडसुद्धा उचलून चीवर करीत, त्याचे काय? ते खरे आहे. पण त्यांनी ते स्वखुशीने पत्करले होते. त्यांच्यात राजघराण्यांतले आणि सावकारांचे पुत्रही होते. आमच्यावर ते जातीने लादले होते. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत.

चीवराची हकिगत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तथागत दक्खिणागिरीकडे चारिका करीत असताना त्यांना मगधाची शेते दिसली. आडवे-उभे बांध घातलेली, लांब-आखूड वाफ्यांची. त्यांनी भिक्खू आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने करून दाखवले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची तारीफ केली. कापलेले, जोडलेले कापड श्रमणाला शोभते आणि त्याची कोणाला हावही सुटत नाही, असे कारण तेथे दिले आहे. म्हणजे अडीच हजार वर्षे जगभरचे भिक्खू जे नेसतात ते शेतकऱ्याच्या शेताचे चित्र आहे, आणि तुकड्यांचे आहे! 'कठिन' हा शब्दही शिवणकामातलाच. चीवर शिवताना कापड ज्या चौकटीवर ताणीत तिचे ते नाव.

पुरुष बंधूंसाठी आणखी एक गोष्ट. भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये सुई आहे. तेव्हा शिवणे हे बायकांचे काम असे आमच्या घरी कोणी म्हणत नाही. कचेरीत एकदा आमच्या बोटाला टोचलेले पाहून सहकारी हसले, ते आम्ही हसण्यावारी नेले.

अशी तुकड्यांची कला दुसऱ्या एका दलित समाजानेही जपली आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक गुलामांचे वंशज. तिथल्या बाया शेतात झिजलेल्या विजारी, सदरे फाडून गोधड्या शिवीत. १९६६ साली नागरी हक्काच्या चळवळीतून त्या भागात गोधड्या शिवणाऱ्या बायांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर हे नाव घेतले गेले. गोधडीकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

पट्टी कशी करायची ते सांगतो. आमचे टेबल चार फुटी. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच लोंबायला धरून लांबी ६० इंच, रुंदी १२ इंच. चीवरात कमीत कमी पाच खंड असतात म्हणून आम्ही पाचच धरतो, प्रत्येक १२ इंचांचा. खंडात एक तुकडा आठ इंचांचा, दुसरा चार इंचांचा. शेजारच्या खंडात त्यांची जागा उलटी. कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवावे. तुकडे जोडले की खाली जुन्या सुती लुगड्याचा एक थर आणि त्याखाली अस्तर घालून कच्चे टाके मारावेत. मग खंडांच्या जोडांवर बोटभर पट्टी दुमडून शिवली की झाले बांध. शेवटी धावदोरा कडेने सुरू करून फिरत फिरत आत न्यावा. आईची रीत हीच. मध्येच सुरुवात केली तर कापड फुगते, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे. रंग पिकल्या भाताचा पिवळा, ज्वारीच्या पात्याचा हिरवा, आणि निळा तर हवाच. काषाय रंग आम्ही घेत नाही. तो चीवराचा मान आहे. टेबलासाठी शेताची कल्पना तेवढी घेतली.

पहिली पट्टी आमच्याकडून बिघडली. लाल कापड न धुताच घातले आणि पहिल्या धुण्यात सगळे पांढरे तुकडे गुलाबी झाले. तेव्हापासून नवे कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतो. दुसरे, टेरिकॉट घेऊ नये. ते सुईखाली सरकते, इस्त्रीने आक्रसते आणि सुती तुकड्याशी कधी जमवून घेत नाही. आई असती तर तिने ते हात लावूनच बाजूला टाकले असते.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. ट्रंकेतली ती वाकळ आमच्याकडे आहे. दर ऑक्टोबरला आम्ही ती उन्हात घालतो, पण कापलेली नाही.

यंदाच्या पट्टीचे चार खंड झाले. पाचव्यासाठी मोठ्या मुलीने न सांगता आपल्या दहावीच्या गणवेशाचा तुकडा आणून डब्यात ठेवला आहे. तो टेरिकॉटचा आहे. दोन रात्री झाल्या, आम्ही तो डब्यातून काढतो आणि परत ठेवतो. उद्या जाड सुती कापडावर कच्चा टाकून बघणार आहोत.