मोठ्या ट्रकवर छोटा कॅम्पर : जागेचा आणि वजनाचा हिशेब

उन्हाळा जवळ आला की आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत नॅशनल पार्कचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत मोटेल आणि मिनी-व्हॅनपुरते असत. आता बऱ्याच घरांच्या ड्राइव्ह-वेमध्ये पिक-अप ट्रक दिसू लागला आहे, आणि त्याबरोबर एक प्रश्नही हमखास येतो : "ट्रकच्या पाठीवर बसणारा तो कॅम्पर घ्यावा का? टॅकोमासारख्या लहान ट्रकचा जुना कॅम्पर स्वस्तात मिळतोय, आपल्याकडे तर एफ-१५० आहे. लहान वस्तू मोठ्या ट्रकमध्ये बसेलच की!"

बसेल, हे खरे. पण बसणे वेगळे आणि नीट बसणे वेगळे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हांला एक गोष्ट रोज दिसते. दोन भाग स्वतंत्रपणे अगदी निर्दोष असतात, पण दोष निघतो तो त्यांच्या जोडणीत. इथेही तसेच आहे. ट्रक चांगला, कॅम्परही चांगला. पण ते एकमेकांसाठी बनलेले नसले तर मधल्या फटी कशा भरायच्या आणि वजन कुठे पडणार, हे आपल्यालाच ठरवावे लागते. आणि त्याच ट्रकच्या मागच्या सीटवर आपली मुले व भारतातून आलेली आई बसलेली असते, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला हिशेब वजनाचा

ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे एक स्टिकर असते. प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही नसावे, असे त्यावर लिहिलेले असते. हाच आपला 'पेलोड'. तो तुमच्या विशिष्ट गाडीचा असतो. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या गाडीचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीटा, पॉवर-स्टेप यांचे वजन याच पेलोडमधून वजा होते, त्यामुळे बहुधा जितका ट्रक महाग तितका पेलोड कमी! पेट्रोलची भरलेली टाकी मात्र आधीच हिशेबात धरलेली असते.

उदाहरणादाखल स्टिकरवर १,९०० पौंड आहेत असे धरू. आता कुटुंब बसवा. नवरा-बायको ३३०, दोन मुले २४०, आजी १४० : झाले ७१० पौंड. उरले १,१९०.

आता कॅम्पर. कॅटलॉगमध्ये लिहिलेले 'ड्राय वेट' समजा ९५० पौंड. त्यात फ्रिज, बॅटरी, शेगडी वगैरे जोडण्यांचे १५० मिळवा. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे २० गॅलनचे १६७. गॅसची भरलेली २० पौंडी टाकी टाकीच्या पत्र्यासकट ३७. खालची फळी, लाकडी ठोकळे आणि बांधणीचे सामान ९०. कपडे, डबे, कुकर, तांदूळ-डाळ यांचे १५०. आणि आपल्या घरातला पोहे-चिवड्याचा डबा पाहता हा आकडा मी कमीच धरला आहे. बेरीज होते १,५४४.

म्हणजे पाच जणांसह आपण मर्यादेच्या ३५४ पौंड वर गेलो. दोघेच गेलो तर १,५७० पौंड शिल्लक राहतात आणि जेमतेम २६ पौंडांनी निभावते. 'छोटा' कॅम्पर, 'मोठा' ट्रक, आणि तरीही ही स्थिती! अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते, फक्त अंथरुणाची लांबी दाराच्या खांबावर छापलेली असते.

मग उपाय काय? पाणी मुक्कामावर पोहोचल्यावर भरता येते. आत सामान नसलेला नुसता 'शेल' कॅम्पर निवडता येतो. नाहीतर तीन-चतुर्थांश टनाचा ट्रक घ्यावा. (हाफ-टन, तीन-चतुर्थांश टन ही आता केवळ नावे उरली आहेत. त्यांचा खऱ्या वजनाशी संबंध शोधू नये.) मागे स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या बसवल्या की मर्यादा वाढते, हा मात्र गैरसमज आहे. त्याने गाडीची बसकण कमी होते, पण ब्रेक, अ‍ॅक्सल, चाके तीच राहतात. ट्रकचे मॅन्युअलही वाचा, कारण काही हाफ-टन ट्रकांच्या मॅन्युअलमध्ये असा कॅम्पर बसवूच नये असे स्पष्ट लिहिलेले असते.

भार कुठे पडतो?

बैलगाडी भरताना मागे बोजा जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते आणि जू वर उचलले जाते, हे आपल्या आजोबांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. ट्रकचेही तेच. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. फेडरल नियमांनुसार ट्रकच्या कंपनीला हा मध्य कोणत्या पट्ट्यात असावा ते सांगावे लागते, आणि बहुतेक कॅम्परांच्या कडेला त्याची खूण चिकटवलेली असते. या दोन्ही गोष्टी टेप लावून जुळवून पाहाव्यात.

आकड्यांत पाहू. एफ-१५० च्या चार दारी, साडेपाच फुटी बेडच्या ट्रकचा व्हीलबेस १४५ इंच आहे. १,२०० पौंडांच्या कॅम्परचा मध्य अ‍ॅक्सलच्या १० इंच मागे गेला, तर १,२०० गुणिले १० भागिले १४५, म्हणजे सुमारे ८३ पौंड पुढच्या चाकांवरून उचलले जातात. तोच मध्य ६ इंच पुढे असेल तर ५० पौंड पुढच्या चाकांवर येतात. सुकाणू आणि ब्रेक यांची पकड पुढच्या चाकांवर अवलंबून असल्याने हा फरक ओल्या घाटरस्त्यावर जाणवतो. या बाबतीत लांब बेडच्या ट्रकवर छोटा कॅम्पर ही जोडी उत्तम, कारण तो पुढच्या भिंतीला भिडवला की भार आपोआप अ‍ॅक्सलच्या पुढे येतो.

फटींचा हिशेब

२०१६ ते २०२३ या काळातल्या टॅकोमाच्या बेडमध्ये दोन चाकांच्या उंचवट्यांतील अंतर सुमारे ४१.५ इंच असते. एफ-१५० मध्ये ते ५०.५ इंचांच्या आसपास. म्हणूनच चार फुटी प्लायवुड मोठ्या ट्रकात आडवे सपाट बसते आणि लहानात बसत नाही. लहान ट्रकसाठी केलेल्या कॅम्परचा तळ ४० इंच रुंद असेल, तर मोठ्या ट्रकात दोन्ही बाजूंना पाच पाच इंच मोकळे राहतात. वळणावर १,२०० पौंडांची वस्तू पाच इंच सरकली आणि उंचवट्यावर आदळली तर काय होईल, हे सांगायला नको. त्या जागेत लाकडी ठोकळ्यांची चौकट घट्ट बसवा आणि तळाशी जाड रबरी मॅट टाका. रबर सरकणे कमी करते, पण नुसत्या रबरावर विसंबू नका.

दुसरी फट उंचीची. त्या टॅकोमाच्या बेडची खोली सुमारे १९ इंच, एफ-१५० ची २१ इंचांहून थोडी अधिक. कॅम्परचे दोन्ही बाजूंचे पंख बेडच्या कडांच्या वर येतात. खोली दोन इंच जास्त असली की ते कडांवर टेकतात आणि सगळे वजन जमिनीऐवजी पातळ कडांवर येते. पुढे झोपायचा जो भाग केबिनवर येतो, तोही छताला टेकू शकतो. ट्रकची केबिन आणि बेड हे चौकटीवर बसवलेले दोन वेगळे भाग आहेत. खड्ड्यात चौकट पिळली की ते वेगवेगळे हलतात. म्हणून छत आणि कॅम्पर यांत काही इंच मोकळे हवेतच.

उपाय म्हणजे कॅम्परखाली दोन-तीन इंचांचे व्यासपीठ. इमारतीच्या पायात वापरतात तो घट्ट निळा किंवा गुलाबी फोम घेऊन त्याच्या वर आणि खाली प्लायवुड लावतात. "फोम चेपणार नाही का?" अशी शंका येते. ४० बाय ७२ इंच, म्हणजे २,८८० चौरस इंचांवर १,२०० पौंड : दर चौरस इंचाला अर्ध्या पौंडाहूनही कमी. साधारण फोम २५ पौंडांपर्यंत सोसतो. मात्र गरजेपेक्षा जास्त उंची देऊ नका, कारण गुरुत्वमध्यही तितकाच वर जातो. शिवाय कॅम्परचे दार जमिनीपासून तीन फुटांवर जाते. सत्तरीच्या आईला तिथे चढायचे असेल तर कठडा असलेली मजबूत शिडी हवी.

या उंचीचा गॅसशीही संबंध आहे. गॅसच्या कप्प्याची हवेची झडप बहुधा कॅम्परच्या कडेला खाली असते. खोल बेडमध्ये ती कडेच्या आड जाऊ शकते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली तर तो बेडच्या तळाशी साचून राहील. झडपा उघड्या बाहेर राहतात ना, हे प्रत्यक्ष वाकून पाहा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे अलार्म चालू ठेवा.

तिसरी फट विकत घेण्याआधीच मोजायची. कॅम्पर चार जॅकवर उभा असतो आणि ट्रक मागे घेत त्याच्याखाली न्यायचा असतो. टॅकोमा बाहेरून सुमारे ७५ इंच रुंद, एफ-१५० सुमारे ८०. जॅकमधले अंतर ट्रकपेक्षा पुरेसे जास्त नसेल तर ट्रक आत शिरणारच नाही. जॅक बाहेर सरकवणारे ब्रॅकेट मिळतात, पण त्यांची किंमत कॅम्परच्या किमतीत धरून मगच सौदा करा.

बांधणी

हत्तीच्या पाठीवरची अंबारी दोरांनी घट्ट आवळलेली असते, नुसती ठेवलेली नसते. कॅम्परलाही चार कोपऱ्यांना बांधावे लागते. ट्रकच्या चौकटीला जोडलेले हूक सर्वांत भरवशाचे. बेडच्या पत्र्यात बोल्ट टाकणार असाल तर खालून रुंद पोलादी पट्ट्या द्या, म्हणजे ओढ एका भोकावर येणार नाही. २०१५ पासून एफ-१५० चा बेड अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्यात उघडे पोलाद टेकले की ओलाव्याने गंज चढतो, तेव्हा मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर हवेत.

छोटा कॅम्पर आणि रुंद ट्रक या जोडीत टर्न-बकल तिरके होतात. ४५ अंशांच्या कोनात त्यांची खाली ओढण्याची ताकद सत्तर टक्के उरते, पण बाजूला सरकणे रोखायला तोच तिरकेपणा मदत करतो. स्प्रिंग असलेले टर्न-बकल घ्यावेत, म्हणजे खड्ड्यातला झटका सरळ बोल्टवर येत नाही.

टेल-गेट काढल्यावर मागचा कॅमेराही जातो आणि केबिनच्या मागचा वरचा ब्रेकदिवा झाकला जातो. दोन्हींची पर्यायी सोय करा. इन्शुरन्स कंपनीला कॅम्परची कल्पना द्या. आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कोणालाही बसवू नका. तिथे सीट-बेल्ट नसतो.

शेवटी, कागदावरच्या बेरजेवर थांबू नका. सामान, पाणी, गॅस आणि सगळे कुटुंब घेऊन हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर जा. तिथल्या कॅट स्केलवर थोड्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन छापून मिळते. ते दाराच्या खांबावरच्या अ‍ॅक्सलच्या आकड्यांशी आणि टायरवर छापलेल्या क्षमतेशी ताडून पाहा. आकडा जास्त निघाला तर सामान उतरवावे किंवा बेत बदलावा. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी थांबून चारही टर्न-बकल पुन्हा तपासा, कारण लाकूड, रबर, फोम हे सगळे पहिल्या प्रवासात थोडे दबतात. तेवढ्या वेळात चहाही होतो.