पदकाचे मोल तराजूत नाही

वाचकहो, जुनी भांडी मोडीत घालायला साकोलीच्या बाजाराला निघालात, तर आधी पेटीच्या तळाशी हात घालून पाहा. आजोबांचे एखादे लष्करी पदक त्यांत जायचे!

नामदेव जाधव हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा पलटणीतले शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. दोघा जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या वाटेने सुखरूप पोहोचवले आणि पुन्हा मागे फिरले. हात जखमी होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब फेकून शत्रूच्या दोन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तो क्रॉस ब्राँझचा. आपले परमवीर चक्रही ब्राँझचेच. त्याची आखणी केली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, पण सून मराठी घरची. चक्रावर इंद्राची चार वज्रे आहेत. वज्र घडले ते दधीची ऋषींनी दिलेल्या हाडांतून. मोल आहे ते दिलेल्याचे, धातूचे नव्हे.

म्हणून घरातले पदक शौर्याचे असो की नुसत्या मोहिमेचे, चिंच लावून घासू नका; कडेवर कोरलेले नाव-नंबर झिजतात. कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळा, सोबतचा कागद जपा. काही कळेना तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि धानाची रोवणी आटोपली की एका संध्याकाळी पोरांना जवळ बसवून ते कोणाचे, कुठल्या लढाईतले, हे सांगा.