रँडम शुगर आणि इरेग्युलर खातं

आमच्या गटातल्या एका मावशींनी मध्यंतरी आठ दिवस भात सोडला होता. आरोग्य शिबिरात बोटातून रक्त घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, 'रँडम शुगर १३२'. मावशींना वाटलं, रँडम हा साखरेचाच कुठला तरी वाईट प्रकार. त्याच महिन्यात गटाच्या कर्जखात्यावर बँकेचा मेसेज आला होता, खातं 'इरेग्युलर' आहे म्हणून. तो आम्ही सगळ्यांनी वाचला आणि सोडून दिला. खरं तर काळजी त्याची करायला हवी होती.

दोन्ही शब्दांत काहीतरी 'ठरलेलं नाही' असा भाव आहे, म्हणून गोंधळ होतो.

रँडम समजायला भिशी आठवा. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा हलवायचा आणि एखाद्या पोराला एक उचलायला सांगायचं. कुणाचं नाव निघेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, आणि संधी प्रत्येकीला सारखी असते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तीही याच रीतीनं. डबा हलवलाच नाही, किंवा एकच चिठ्ठी वेगळी घडी घालून टाकली, तर ते रँडम राहत नाही, ती लबाडी होते. म्हणून दूध संस्थेत कुणी 'रँडम सॅम्पल घेतलंय' म्हणालं तर तुमच्या किटलीवर संशय आहे असं समजून रागावू नका. शितावरून भाताची परीक्षा करतो ना, तसंच ते. फक्त शीत वरवरचं न घेता भात खालीवर करून घ्यायचं.

रँडम शुगरमध्ये मात्र चिठ्ठ्या नाहीत. जेवणाची वेळ न पाहता, दिवसात केव्हाही घेतलेलं रक्त, एवढाच तिथं अर्थ. फास्टिंग म्हणजे निदान आठ तास उपाशी राहून घेतलेलं. रँडमचा आकडा २०० किंवा वर असेल आणि सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं असा त्रास असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. मावशींचे १३२ तर जेवणानंतर तासाभरातले होते!

आमच्या पोरीसुद्धा हल्ली 'आई, काय रँडम बोलतेस' म्हणतात. म्हणजे मध्येच, संबंध सोडून. ते मनावर घ्यायचं नाही.

आता इरेग्युलर. हा सोडतीतला शब्द नाही. इथं आधी एक नेम ठरलेला असतो आणि तो चुकलेला असतो. आपल्या गटांची पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत दप्तर. पाचातल्या चारांत 'नियमित' आहे. मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं धरते, आणि पुढचं कर्ज अडतं. पाळीबद्दल डॉक्टर इरेग्युलर म्हणतात तेव्हाही नेमच पाहतात. मोठ्या बायकांत साधारण २१ ते ३५ दिवसांनी येणारी पाळी नेमातली. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही.

तिसरा शब्द मिसमॅच, किंवा कागदोपत्री 'इनकन्सिस्टंट'. म्हणजे दोन गोष्टींचा मेळ नाही. आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं. बाई तीच, खोटं कुणी बोललेलं नाही, पण कॉम्प्युटरला त्या दोन बाया दिसतात आणि पैसे अडकतात. यात दंड भरायचा नसतो, कागद जुळवून द्यायचा असतो. म्हशीची फॅट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी लागते, तो मिसमॅच नव्हे. दूध रोज थोडं बदलतंच. पण पावतीवर एक फॅट आणि वहीत दुसरी असेल, तर जरूर विचारा.

तेव्हा बँकेतून असा मेसेज आला तर पासबुक आणि दप्तर घेऊन दोघीजणी जा आणि काउंटरवर विचारा: 'साहेब, कोणत्या तारखेचा हप्ता राहिलाय, रक्कम किती, की नुसता कागद द्यायचा राहिलाय?' आमचा एकच हप्ता राहिला होता, ज्या महिन्यात बैठक झाली नव्हती त्या महिन्याचा.