कडब्यातली साखर आणि दातांची कीड

झायलिटॉल चवीला उसाच्या साखरेइतकेच गोड असते, पण दात किडवणाऱ्या जिवाणूंना ते पचत नाही. ते तयार होते वनस्पतींच्या काष्ठमय भागातल्या झायलान या घटकापासून. भूर्जाचे लाकूड, दाणे काढलेली मक्याची कणसे, उसाची चिपाडे, ज्वारीचा कडबा, या सगळ्यांत झायलान असते.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काढणी झाली की तिथे कडब्याच्या गंजी लागतात. त्यातले एक वाळलेले ताट मोडले तर बाहेर कडक साल आणि आत पांढरा, भुसभुशीत गाभा दिसतो. कडब्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा झायलान असते. सौम्य आम्लात ते तापवले की झायलोज ही पाच कार्बनची साखर सुटते. निकेलच्या साहाय्याने, दाबाखाली तिला हायड्रोजन जोडला की झायलिटॉल बनते.

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो, पण आत अळी नसते. मुख्य गुन्हेगार स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू. १९२४ मध्ये क्लार्क यांनी तो ओळखला. साखर मिळाली की तो दातावर चिकट थर बांधतो आणि आम्ल सोडतो. सामू ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. झायलिटॉलला तो फ्रुक्टोज समजून आत ओढतो, त्यावर फॉस्फेट चढवतो. पुढे मात्र काहीच करता येत नाही, म्हणून शक्ती खर्चून ते बाहेर टाकतो. आम्लही तयार होत नाही.

१९७० च्या दशकात फिनलंडमधील तुर्कू येथे शायनिन आणि मॅकिनेन यांनी १२५ जणांवर दोन वर्षे प्रयोग केला. नेहमीची साखर खाणाऱ्यांत सरासरी ७.२ दंतपृष्ठे नव्याने किडली. झायलिटॉल खाणाऱ्यांत ही वाढ जवळपास शून्य होती. पुढच्या अभ्यासांत मात्र इतका ठळक फरक दिसला नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने फ्लोराइडबरोबर झायलिटॉल असलेल्या टूथपेस्टचा मुलांना थोडा जादा फायदा नोंदवला, पण पुरावा कमकुवत ठरवला.

कडबा नुसता चघळून हा लाभ मिळत नाही, कारण झायलान तोंडात सुटत नाही. झायलिटॉल जास्त खाल्ले तर पोट बिघडते, आणि कुत्र्यांना ते विषारी आहे. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल असलेले च्युइंगगम त्याच्या आवाक्यात ठेवू नये. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासणे याला झायलिटॉल पर्याय नाही, ती फक्त जोड आहे.